जोडीदार हवा, अनुभवाची अट नाही

इंदुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा फोनवर एक ग्रुप आहे. एका रविवारी सकाळी मी त्यावर पुढचा मजकूर टाकला. एकही अक्षर न बदलता देते.

"माझ्याकडे सगळं आहे, पण एकटीनं सुरू होत नाही. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन तासभर सोबत बसेल असा जोडीदार हवा. वयाची, शिक्षणाची अट नाही. हात स्थिर असावेत. अनुभव नसला तरी शिकवीन."

याच्या आधी मी एक फोटो पाठवला होता, व्हिडिओ गेमच्या डबीचा. तो पाहिला असता तर मजकूर कुणालाही कळला असता. पण फोटो गेलाच नाही. तो माझ्याच फोनमध्ये गोल गोल फिरत बसला आणि मजकूर तेवढा सुसाट निघून घराघरांत पोचला. मी अंघोळ करून बाहेर आले तोवर एका गृहस्थांनी नमस्काराचे हात पाठवले होते, दुसऱ्यांनी 'हिंमत लागते' असं लिहिलं होतं, आणि मंडळाच्या चिटणीसांनी अतिशय मऊ भाषेत कळवलं होतं की ताई, वधूवरांचा आपला ग्रुप वेगळा आहे, लिंक पाठवतो.

शेजारच्या वहिनी तर फोनवर थांबल्याच नाहीत. मागच्या गेटनं सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या. सुदामा नगरात त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, आणि त्यांचं वाक्य अर्ध्यापर्यंत मराठीत चालतं, पुढे त्याची मर्जी.

"अगं, एवढं मनात होतं तर मला सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "पूऱ्या इंदूरला कशाला सांगून राहिलीस?"

खुलासा तिथेच करता आला असता. पण मी रंगभूमीची बाई. शाळेत भूगोल शिकवते ते पोटासाठी. मंडळाच्या नाटकांत मी खाष्ट सासवा केल्यात, कपटी राण्या केल्यात, आणि एकदा ऐनवेळी नट आजारी पडला तेव्हा मिशी लावून सावकारही केलाय. समोर प्रेक्षक इतका तयार बसलेला असताना पडदा पाडणं माझ्यानं होत नाही. पन्नाशी उलटलेल्या कुमारिकेनं करावं ते सगळं मी केलं. नजर खाली, मान तिरकी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. वहिनींचे डोळे भरून आले. विजय नगरात एक फार बढिया माणूस आहे, एवढं सांगून त्या आल्या वाटेनं गेल्या.

आता खुलासा करते.

माझ्याकडे सगळं आहे, हे शब्दशः खरं आहे. बंद पडलेल्या एका चष्म्याच्या दुकानातून मी काचेचं कपाट आणलं, ते मागच्या खोलीत उभं आहे, आणि त्यात व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या जवळजवळ सगळ्या पिढ्या मांडलेल्या आहेत. सगळ्यात खाली पहिली काळी पेटी. तिच्या कॅसेटवर लाखो खेळ असल्याचं छापलेलं आहे. प्रत्यक्षात डझनभरच, नुसती नावं आणि आकाशाचे रंग बदलून पुन्हा पुन्हा येणारे. तिच्या वरची पिढी इंदुरात आलीच नाही. ती जपानात झाली, अमेरिकेत झाली, आणि आमच्यावरून ढग जावा तशी निघून गेली. मी ती पुढे कितीतरी वर्षांनी एका संग्राहकाकडून अदलाबदलीत मिळवली. मग राखाडी चकतीवाली. तिच्यासोबतच्या बऱ्याच चकत्यांवर खेळाचं नाव मार्करनं लिहिलेलं आहे, आणि ज्यानं लिहिलं त्याचं स्पेलिंग कच्चं होतं. मग ती काळी, उभी ठेवायची, जी आमच्या गावानं इतकी वर्षं वापरली की जगानं सोडून दिल्यावरही गल्लीतल्या दुकानांत तिचा आवाज येत होता. मग हात हलवून खेळायची पांढरी. आणि सगळ्यात वर, अजून बाजारात असलेली.

संग्राहकांमध्ये एक वाद कायम चालू असतो: सगळ्यांत थोर खेळ कोणता? मीही त्यात तलवार उपसून उतरते. ज्यात तुम्ही एकटेच घोड्यावरून ओसाड माळावर फिरता आणि डोंगराएवढ्या राक्षसांना पाडता पाडता तुम्हालाच वाईट वाटायला लागतं, तो मी चकतीच्या पिढीनंतरचा सर्वांत मोठा खेळ मानते. पडत्या विटांचा खेळ सर्व पिढ्यांत मोठा. त्याला म्हातारपण नाही. पण माझी खरी कसोटी वेगळी आहे आणि ती त्या वादात सांगता येत नाही. शेजारी बसलेला माणूस खेळता खेळता काय बोलला, यावर मी खेळ जोखते.

शेजारी बसायचे ते माझे बाबा.

बाबा इंदूर स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. पहिली काळी पेटी त्यांनी जेल रोडच्या बाजारातून आणली ती माझ्यासाठी नव्हती. सुट्टीत आत्याचा मुलगा राहायला येणार होता, त्याच्यासाठी होती. तो आला नाही. त्या सुट्टीत नाही आणि पुढच्याही नाही. खोकं टीव्हीवर तसंच पडून राहिलं. आई मी शाळेत असतानाच गेली होती, मी तेव्हा कॉलेजात होते, आणि घरात आम्ही दोघंच. एके दिवशी बाबा म्हणाले की दुकानदार काही ते परत घेणार नाही, उघडून बघू या तरी.

त्यानंतर आम्ही ते पंचवीस-तीस वर्षं बघत राहिलो.

बाबांनी कुठल्याच खेळाचं खरं नाव कधी घेतलं नाही. उड्या मारत पुढे जायच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, हे मी त्यांना एकदा सांगितलं. रेल्वेच्या माणसाला हे सांगायला नको होतं. तेव्हापासून त्या जातीचा प्रत्येक खेळ आमच्या घरी 'फलाट' झाला. पडत्या विटांचा खेळ 'पार्सल'; त्यात त्यांना कुणी हरवू शकत नसे, कारण मालडब्यात वेडीवाकडी खोकी फट न ठेवता लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. मोटारींच्या शर्यतीला ते 'रतलाम पॅसेंजर' म्हणत आणि तसेच चालवत. वळण आलं की थांबून बघत. जिथं खेळ जतन होतो ते ठिकाण म्हणजे जंक्शन. खेळ मध्येच थांबवून चहाला उठायचं झालं तर म्हणायचं 'क्रॉसिंग'. एकेरी मार्गावर समोरून गाडी यायची असते तेव्हा आपण थांबायचं, म्हणून क्रॉसिंग.

पांढऱ्या यंत्रावर तर हात हलवून चेंडू टाकायचा असे. बाबा उभे राहून, इस्त्रीचा शर्ट घालून, गार्डानं झेंडी दाखवावी तसा हात हलवायचे. चेंडू कुठल्या कुठे जायचा. पण त्यांचा हात बघण्यासारखा असे.

ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. त्यांच्याविषयी सगळे विचारतात, चांगलं बोलतात. पण एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही. आमच्या घरात एक भाषा होती आणि ती बोलणारी आता मी एकटीच उरले आहे. अजूनही खेळता खेळता चहा टाकायला उठले की माझ्या तोंडून 'क्रॉसिंग' निघतं, चांगलं मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. मग मी स्वयंपाकघरात जाते.

वरच्या कप्प्यातला सगळ्यात नवा खेळ मी बाबा असतानाच मागवून ठेवला होता. तो आला ते गेल्यानंतर. जाणकारांच्या मते या पिढीतला तो सर्वोत्तम आहे. दोन माणसं, दोघांच्या कमरेला एकच दोर, आणि बर्फाचा डोंगर. एकजण दोर धरून घट्ट उभा राहतो तेव्हाच दुसऱ्याला पाऊल टाकता येतं. त्यात एकट्याची सोयच ठेवलेली नाही. सुरू केला की निळ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं येतात: दुसरा खेळाडू जोडा. आणि तो थांबून राहतो. कितीही वेळ.

मी काय काय करून पाहिलं. दोन्ही हातांत दोन कंट्रोलर घेतले. मग एक हातात आणि एक जमिनीवर ठेवून पायाच्या बोटांनी. पायाचा माणूस दर वेळी दरीत गेला आणि दोर एकच असल्यामुळे हाताच्या माणसालाही घेऊन गेला. इंटरनेटवर अनोळखी जोडीदार मिळतात, तेही केलं. पहिल्याच दिवशी कानात एका पोराचा आवाज आला: "आंटी, कंट्रोलर बेटे को दे दो ना." मी मायक्रोफोन काढून ठेवला.

त्यानंतर मी तो मजकूर लिहिला होता. विनोदी आहे हे आता दिसतं. लिहिताना मला तो अगदी सरळ वाटला होता.

शनिवारी पाचला वहिनी विजय नगरातल्या बढिया माणसाला घेऊन आल्या. मूळचे साताऱ्याकडचे, पंचावन्नच्या आसपासचे, लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा परदेशात. कंपनीनं इंदुरात पाठवल्याला दोन वर्षं झाली होती. इस्त्रीचा शर्ट, हातात मावाबाटीचा, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईचा, डबा, आणि चेहऱ्यावर डॉक्टरच्या दारात नंबर लागलेल्या माणसाचा भाव. खुर्चीच्या कडेवर बसले. वहिनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघून पसंतीच्या माना हलवत होत्या.

चहा झाला. हवेचं बोलून झालं. साताऱ्याची हवा आणि इंदूरची हवा यांची तुलना झाली. मग त्यांनी घसा साफ केला.

"आपल्या अपेक्षा काय आहेत?"

"फार नाहीत," मी म्हणाले. "उडी वेळेवर मारता आली पाहिजे."

वहिनींनी कप खाली ठेवला. पाहुण्यांनी एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"उडी," ते म्हणाले. "कुठून?"

"जिथं जागा असेल तिथून. आणि मी पडले तर ओरडायचं नाही. दोर सोडायचा नाही."

"दोर," ते म्हणाले.

"कमरेला असतो. दोघांच्या."

वहिनींचा चेहरा असा झाला की मला आणखी ताणवेना. मी उठले आणि दोघांना मागच्या खोलीत नेलं, कपाट दाखवलं, यंत्र सुरू केलं. निळ्या पडद्यावर ती अक्षरं आली. पाहुण्यांनी ती वाचली. मग कपाट पाहिलं, खालपासून वरपर्यंत, प्रत्येक कप्पा. मग परत ती अक्षरं.

"म्हणजे हे लग्नाचं नाही."

"नाही."

त्यांनी कॉलरचं बटण सोडलं आणि तिथल्या खुर्चीत बसून पहिल्यांदा पाठ टेकली. माणसाच्या अंगातून भीती जाताना इतकी स्पष्ट मी स्टेजवरसुद्धा पाहिलेली नाही. वहिनी मात्र भडकल्या. "म्हणजे आठवडाभर तू मला उल्लू बनवून राहिली होतीस? मी माझ्या जाऊबाईंना सांगून बसले." आणि त्या मावाबाटीचा डबा उचलून मागच्या गेटनं निघून गेल्या. तो डबा परत आला नाही.

पाहुण्यांना मी उजवीकडे बसवलं. डावीकडे बाबा बसायचे.

त्यांनी आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. पहिल्या शनिवारी त्यांचा माणूस सुरुवातीच्या मैदानातून बाहेरच पडला नाही. तो एका खडकाला सारखा धडकत राहिला आणि ते त्या खडकाची माफी मागत राहिले. तरी पुढच्या शनिवारी आले. या वेळी अभ्यास करून आले होते. फोनवर वाचून त्यांनी सगळ्या पिढ्या पाठ केल्या होत्या. कपाटासमोर उभे राहून त्यांनी एकेका यंत्राचं नाव सांगितलं, खेळांची खरी नावं सांगितली, कुठला थोर आणि का तेही सांगितलं. सगळं बरोबर होतं. मला का राग आला ते कळेना.

"आणि हा आपला प्लॅटफॉर्मर प्रकारातला, बरोबर?" त्यांनी विचारलं.

"फलाट," मी म्हणाले.

"फलाट म्हणजे?"

मी सांगायला लागले. बाबा रेल्वेत होते, मी त्यांना एकदा म्हणाले की हा प्लॅटफॉर्म गेम, आणि मग तेव्हापासूनचं सगळं. माझ्या लक्षात आलं की मी ते रंगवून सांगते आहे. हातवारे करते आहे. बाबांचा आवाज काढते आहे, आणि तो त्यांच्यासारखा येत नाहीये, मंडळाच्या नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा येतोय. भर वाक्यात मी थांबले. प्रयोगात वाक्य विसरले तर मी काहीही बोलून वेळ मारून नेते. सगळं मंडळ मला त्यासाठी ओळखतं. त्या संध्याकाळी काही सुचलं नाही.

ते कपाटापासून मागे सरले आणि आपल्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ते शब्द तुमचे आणि त्यांचे आहेत. मी वापरले तर बरं दिसणार नाही."

खरं तर मला हेच हवं होतं, आणि ऐकून मला लागलंही. कारण जाहिरात देताना मी जोडीदार म्हणाले होते, पण मनातून मला ती भाषा कळणारा माणूस हवा होता. असा माणूस कुठल्या ग्रुपवर मिळणार? शिकवूनही तयार होत नाही तो. मी निळ्या पडद्याकडे बघत म्हटलं की चला, खेळू या. त्यांनी कंट्रोलर उचलला. त्या दिवशी आम्ही मैदान ओलांडलं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी आम्ही पहिल्या उभ्या कड्याशी आलो. तिथं मेख अशी आहे की दोर वरच्या एका सुळक्यावरून टाकावा लागतो. एकजण खाली उतरतो तेव्हा दुसरा वर ओढला जातो. मला ते उमगेना. मी वर चढायचा प्रयत्न करत होते आणि सारखी घसरत होते. ते मात्र एकदम सरसावून बसले.

"ही तर लिफ्ट आहे," ते म्हणाले.

"कुठे आहे?"

"आपणच. लोकांना वाटतं मोटर वर ओढते. पलीकडे एक वजन लटकलेलं असतं. ते खाली जातं म्हणून तुम्ही वर जाता. थांबा, मी खाली जातो."

आणि त्यांचा माणूस कड्याला पाय लावून अतिशय शिस्तीत खाली गेला, आणि मी काहीही न करता वर गेले. त्या खेळात मी इतकी उंच पहिल्यांदाच पोचले होते. खाली सगळं बर्फ दिसत होतं. मी इतक्या मोठ्यानं हसले की भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच त्या बोलत होत्या. काय झालं, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, काही नाही, लिफ्ट.

"दिलीस का मग शेवटी?" वहिनी म्हणाल्या.

पाहुण्यांना कळलं नाही. मला सांगावं लागलं की आमच्या इंदुरात एखादी बाई एखाद्या पुरुषाला भाव देते तेव्हा तिनं त्याला लिफ्ट दिली म्हणतात. ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले की आमच्या कंपनीत असं काही सांगितलं नव्हतं. मग तेही हसले.

तेव्हापासून त्या खेळाचं नाव लिफ्ट. मी ठेवलं नाही, बाबांनी ठेवलं नाही. बाबांनी तो पाहिलाच नव्हता, म्हणून मीही त्याला इतके दिवस नाव दिलं नव्हतं. पण नाव पडायचं ते पडलं. "लिफ्ट थांबवा, चहा घेऊ," असं ते म्हणतात आणि मी थांबवते. एकदा मी गॅससमोर उभी होते, चहाला आधण आलं होतं, आणि माझ्या ध्यानात आलं की उठताना मी क्रॉसिंग म्हणाले नव्हते. आधीच्या शनिवारीही म्हणाले होते की नाही, ते आठवेना. मी तिथंच हळूच म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरात ते काही बरं वाटलं नाही. चहा गाळला, दोन कप घेतले आणि आत गेले.

एरवीच्या सहा संध्याकाळी मी जशी होते तशीच आहे. शाळेच्या वह्या तपासते, कपाटाची काच पुसते, पार्सल खेळते आणि बाबांच्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. वहिनींचा अबोला सुटला आहे, पण त्यांना अजून वाटतं की आम्ही दोघं त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवतोय. मी खंडन करत नाही. त्यांना तेवढंच मनोरंजन.

गेल्या शनिवारी आम्ही शेवटच्या कड्याच्या निम्म्यावर असताना त्यांना फोन आला आणि ते उठून गेले. देवासला एका इमारतीत लिफ्ट बंद पडली होती, खरीखुरी. त्या खेळात मध्येच जतन होत नाही. पुढचं जंक्शन एकदम माथ्यावर आहे. दोन-तीन तासांत येतो म्हणाले होते. दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"आज जमणार नाही असं दिसतंय," ते म्हणाले. मागे कुणीतरी लोखंडावर ठोकत होतं. "माझा माणूस कुठे आहे?"

"वर. दोर धरून उभा."

"आणि तुमचा?"

"खाली. लटकतोय."

"मग बंद नका करू. मी आलो की ओढतो."

"कधी येताय?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. यंत्र चालूच ठेवलं. टीव्हीचा आवाज तेवढा बंद केला, कारण त्या कड्यावर वारा फार वाजतो.